आईचे एक्कावन्न किलो

बलूनमध्ये बसायचं तर आधी प्रत्येकाचं वजन लिहून द्यावं लागतं, हे वाचल्यावर काटेवाल्याला मनापासून बरं वाटलं. जगात अजून कुणीतरी वजनाची कदर करतं म्हणायचं!

त्याचा स्वतःचा जन्म त्यातच चालला होता. शहराबाहेर गोदामांची रांग सुरू होते तिथे तो ट्रकांचा वजनकाटा सांभाळायचा. रिकामी गाडी आत जाताना तोलायची, भरलेली बाहेर येताना तोलायची, मधला फरक पावतीवर छापायचा आणि शिक्का मारायचा. चोवीस वर्षांत त्याने एका किलोचीही लबाडी केली नव्हती आणि कुणाला करू दिली नव्हती. टाकीत पाणी भरून आणणारे, ताडपत्रीखाली दगड दडवणारे, सीटखाली माणूस झोपवणारे असे नाना नमुने त्याने पकडले होते. टायर किती दबलाय यावरून त्याला अंदाज यायचा. त्याला सगळे काटेवालाच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "या काटेवाल्याशी लग्न केलं आणि तोलून-मापून जगायची वेळ आली."

बलूनची टूम काढली थोरल्या भावाने. दूरच्या पठारावर दरवर्षी चार दिवस बलूनचा महोत्सव भरतो, पहाटे शंभरेक बलून एकदम वर जातात, तंबूत राहायची सोय असते, हे सगळं त्याने फोनवर दाखवलं. थोरल्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्याला वर्षातून एकदा असा झटका यायचाच. एका रविवारी दोन्ही घरं काटेवाल्याकडे जमली. थोरला, वहिनी, त्यांचा मुलगा, काटेवाला, त्याची बायको, त्यांची लेक. जेवणं उरकली, टेबल पुसलं आणि बलूनचा फॉर्म मधोमध ठेवला.

"तीस मेला निघायचं, दोन जूनला परत," थोरला म्हणाला.

"दादा, मध्ये एक तारीख येते," काटेवाला म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आई चहात पाव बुडवून खात बसली होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना तीच आठवली होती.

आई दोघांकडे सहा-सहा महिने राहायची. डिसेंबर ते मे धाकट्याकडे, जून ते नोव्हेंबर थोरल्याकडे. पहिल्या तारखेला तिची बदली. सात वर्षांपूर्वी काटेवाल्याची बायको बोलता बोलता बोलून गेली, की थोरल्यांकडून आई येतात त्या वाळूनच येतात. ते वहिनीच्या कानावर गेलं आणि असा भडका उडाला की दोन्ही घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. शेवटी काटेवाल्याने तोडगा काढला. भांडायचं कशाला? आकडा बोलेल. तेव्हापासून दर बदलीला आईला काट्यावर नेत. ट्रकांच्या नव्हे, शेजारी पोती तोलायचा छोटा काटा होता त्यावर. वजन छापायचं, पावतीवर दोन्ही भावांनी सही करायची, पावती फाईलला लावायची. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटे, पण भांडण मिटलं होतं हे खरं. आई कधी एक्कावन्न भरे, कधी एक्कावन्न आणि वर थोडं. सहा वर्षांत दीड किलोचा फरक नाही. एखाद्या ट्रकचं वजन इतकं जागच्या जागी राहिलं असतं, तर काटेवाल्याने ड्रायव्हरला खाली उतरवून गाडीची झडती घेतली असती. आईच्या बाबतीत मात्र त्याला अभिमान वाटायचा. आमच्या घरात कुणी कुणाला उपाशी ठेवत नाही, पुरावा आहे, असं तो चारचौघांत सांगायचा.

तर एक तारखेला आई कुणाची, हा प्रश्न होता. तीस-एकतीस धाकट्याच्या मुदतीतले, एक-दोन थोरल्याच्या. वहिनी म्हणाली, तिच्या बहिणीकडे ठेवता येईल. बायको म्हणाली, शेजारीण बघेल. दोघीही एकमेकींकडे न बघता बोलत होत्या.

"मला न्याल का रे?" आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"एकदा वरून बघायचंय. जन्मभर खालूनच बघितलं सगळं."

थोरल्याला हसू आवरेना. "आई, तू बलूनमध्ये? घाबरशील!"

"घाबरायला आता काय शिल्लक आहे?"

मग काय, सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. टोपली आठ जणांची होती, जागा होती. एक तारखेला मैदानावरच आईचा ताबा घेतो, असं थोरल्याने जाहीर केलं. "आणि वजन?" वहिनीने विचारलं, कारण वहिनी काही विसरायची नाही. काटेवाल्याने फॉर्मवरचं बोट खाली सरकवलं आणि मोठ्याने वाचलं, की लिहून दिलेल्या वजनाची मैदानावर पुन्हा खात्री केली जाईल, आणि त्या वेळी पिशव्या, बूट, शाल, जाड कपडे काढून ठेवावे लागतील.

"घ्या! यांच्यापेक्षा कडक माणसं निघाली," बायको म्हणाली, आणि सगळे पोट धरून हसले.

आईने कप खाली ठेवला. "मला नाही यायचं," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच तर म्हणालीस!"

"म्हणाले असेन. नाही यायचं."

त्यानंतरचा आठवडा तिची समजूत काढण्यात गेला. नातीने व्हिडिओ दाखवले. नातवाने फोन करून, आजी मी तुझा हात धरून उभा राहीन, असं वचन दिलं. आई हसायची आणि नाही म्हणायची. म्हातारं माणूस उंचीला बिचकलं, असा सगळ्यांनी निष्कर्ष काढला. काटेवाल्याला तिची दया आली. आयुष्यात तिने मागून घेतलेली ही एकच गोष्ट होती, आणि भीतीपायी तीही सोडून देत होती. त्याने ठरवलं, काही झालं तरी आईला वर न्यायचंच.

फॉर्म त्याच्याकडे होता. बायकोचं आणि लेकीचं वजन त्याने काट्यावर नेऊन घेतलं होतं. घरी न्हाणीघरात बायकोचा एक वजनकाटा होता, पण त्याला काटेवाला खेळणं म्हणायचा आणि त्याच्यावर पायही ठेवायचा नाही. आईच्या नावापुढे त्याने आधी डिसेंबरच्या पावतीवरचे एक्कावन्न पूर्णांक चार लिहिले. मग पेन थांबलं. साडेपाच महिने जुना आकडा. दुसऱ्या कुणी असा शिळा आकडा दिला असता तर त्याने फॉर्म तोंडावर फेकला असता.

रविवारी सकाळी तो आईला म्हणाला, "चल, माझ्या केबिनमध्ये बसून चहा पिऊ. मोकळी हवा लागेल जरा."

आई लगेच तयार झाली. रविवारी गोदामं बंद, आवार मोकळं होतं. केबिनमध्ये त्याने चहा केला, तिने फुंकून फुंकून अर्धा कप घेतला. मग तो सहज म्हणाला, "ये, काट्यावर उभी राहा एक मिनिट."

"आज काय एक तारीख आहे?"

"फॉर्मला लागतंय."

"जुनं लिही ना. तेवढंच आहे माझं."

"जुनं चालत नाही गं, आई."

"मग मला बलूनमध्येच नको," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली. हे काहीतरी वेगळं होतं, पण त्याला ते म्हातारपणचं हट्टीपण वाटलं. त्याला हसू आलं. लहान मुलाला उचलावं तसं त्याने तिला मागून कमरेत धरलं आणि उचलून काट्यावर ठेवलं.

उचलतानाच त्याच्या हातांना कळलं. चोवीस वर्षांचे हात होते ते. समोरच्या पाटीवर लाल आकडे यायच्या आधीच त्याच्या तोंडावरचं हसू संपलं होतं.

एकोणचाळीस पूर्णांक दोन.

त्याने तिला उतरवलं, काटा शून्यावर आणला, कोपऱ्यातलं वीस किलोचं मापाचं वजन उचलून ठेवलं. वीस पूर्णांक शून्य. काट्यात खोट नव्हती. पुन्हा आईला उभं केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आई प्रत्येक वेळी निमूट चढत होती, निमूट उतरत होती, आणि त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

"आई, हे काय आहे?"

"चहा गार होतोय तुझा," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत त्याने हिशेब मांडला होता. डिसेंबरात भावाने एक्कावन्न किलोची आई दिली. आपल्या घरात साडेपाच महिन्यांत बारा किलो गेले. दारातूनच तो बायकोवर ओरडला, "काय खायला घालतेस तू हिला?"

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी बाजूला ठेवली. "काय म्हणालात?"

"एकोणचाळीस भरली! बारा किलो कमी! माझ्या घरात!"

"तुमच्या घरात? तुम्ही कधी त्यांच्याबरोबर जेवायला बसलात? मी भात मऊ करून देते, दुधात कालवून देते, वाटी वाटी घेऊन मागे फिरते. घास घेतात, थांबतात, पाणी पितात, मग पुरे म्हणतात. आज नाही हे! गेल्या वर्षी मार्चमध्ये सांगितलं होतं मी तुम्हाला. आईंचं गिळताना काहीतरी अडतंय, डॉक्टरला दाखवू या. काय म्हणालात तेव्हा?"

तो चपला काढायला खाली वाकला.

"म्हणालात, एक तारखेला काटा सांगेल. आणि एक तारखेला पावती माझ्या नाकासमोर नाचवलीत. एक्कावन्न पूर्णांक सहा. बघ, काही झालेलं नाही, म्हणालात. उगाच घरात आजारपण शोधू नकोस, म्हणालात. मी कानाला खडा लावला त्या दिवशी."

सगळं तसंच होतं. शब्दसुद्धा तेच होते. पावती त्याच्या सहीची होती, म्हणून ती बायकोच्या डोळ्यांपेक्षा खरी होती.

"मग डिसेंबरात एक्कावन्न कशी भरली?" तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

आई आपल्या पलंगावर जाऊन बसली होती. ती वाकली, पलंगाखालची ट्रंक ओढायला लागली. ओढवेना, तेव्हा सुनेने पुढे होऊन ओढली. साड्यांच्या तळाशी एक पट्टा होता. जुन्या चादरीचा, दुहेरी शिवलेला, सगळीकडून छोटे छोटे कप्पे पाडलेले, आणि कप्प्यांत थोरल्याच्या दुकानातले लोखंडी वॉशर. काटेवाल्याने तो उचलला. आठ किलोला थोडा कमी, हे त्याला न तोलता कळलं.

"पोटावर बांधायचे," आई म्हणाली. "आधी कमी होते त्यात. मग वाढवत गेले. पहाटे तुम्ही उठायच्या आत न्हाणीघरातल्या काट्यावर बघायचे, एक्कावन्न झालं की पुरे. दादाकडेही आहे तसाच काटा."

"पण का, आई?"

"पहिल्याच वर्षी दोन किलो कमी भरले होते मी, तुझ्याकडून जाताना. आठवतं? पावती छापण्याआधी वहिनी काय बोलली, हिने काय उत्तर दिलं. तू काट्यावर हात आपटलास. मी मध्ये उभी. पोत्यासारखी. मी म्हटलं, थांबा, माझी पिशवी खाली राहिली. पिशवी घेऊन पुन्हा चढले, तर भरले एक्कावन्न. तुम्ही सगळे हसलात. मग चहा प्यायला बसलात एकत्र. वर्षभराने बसला होतात." तिने घोट गिळला, चेहरा आवळला गेला. "एवढ्याशा लोखंडाने घर राहत असेल तर काय वाईट?"

बायको रडायला लागली. काटेवाला पट्टा हातात धरून तसाच उभा राहिला. ड्रायव्हर लोकांची कुठलीही युक्ती त्याच्या नजरेतून सुटत नव्हती, आणि आई बारा वेळा त्याच्या समोर चढली होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी आईला दवाखान्यात भरती केलं. तिसऱ्या दिवशी अन्ननलिकेत नळी घालून पाहिलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला खोलीत बोलावलं. डॉक्टर तरुण होती, बोलायला शांत. गाठ आहे, खूप पसरली आहे, आता कापण्यासारखं काही राहिलेलं नाही, एवढं सांगून तिने विचारलं, "वजन कसकसं उतरत गेलं, काही सांगता येईल? त्यावरून अंदाज येतो."

काटेवाल्याने फाईल आणली होती. का आणली, त्यालाही माहीत नव्हतं. सवय. डॉक्टरने ती उघडली आणि तिचे डोळे चमकले. "वा! इतका रेकॉर्ड कुणी ठेवत नाही." मग ती एकेक पावती उलटत गेली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे कसं शक्य आहे? सगळीकडे एक्कावन्नच."

"ते खोटं आहे," तो म्हणाला.

"कुणी लिहिलंय?"

"मी."

तिने फाईल मिटून त्याच्याकडे सरकवली.

"कधीपासून असेल?" त्याने विचारलं.

"गिळायला त्रास कधी सुरू झाला यावरून बघायचं. तुमच्या मिसेस गेल्या वर्षीचा मार्च म्हणाल्या. ते जुळतंय. सव्वा वर्ष म्हणा." तिने पेनाला टोपण लावलं. "तेव्हाच आणलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं."

गेल्या वर्षीचा मार्च. त्याला बोटं मोजावी लागली नाहीत. मार्च त्याच्या मुदतीतला होता. त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर, त्याच्या बायकोने तोंडाने सांगितलेलं असताना.

तो वॉर्डात आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बायको औषधं आणायला खाली गेली होती. आई डोळे मिटून पडली होती, हाताला सुई, नळीतून थेंब थेंब उतरत होता. तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. दोन दिवस दुकानाच्या मालासाठी तो बाहेरगावी होता, तिथूनच बोलत होता, आणि आवाज फुटका येत होता.

"काय म्हणाले रे डॉक्टर?"

काटेवाल्याने सांगितलं. पलीकडे थोरला रडत असल्याचं कळलं. मग त्याने नाक पुसलं.

"बलूनचं मी सगळंच रद्द करतो. कसलं बलून आता."

"हं."

"आणि एक तारखेचं..."

"ती माझ्याकडेच राहील, दादा. तारीख वगैरे आता नाही."

"बरं." मग थोरल्याचा आवाज अगदी खाली आला, लहानपणी काही फोडून आला की यायचा तसा. "अरे, हे कधीपासून आहे म्हणाले? म्हणजे... ऑगस्टमध्ये माझ्याकडे तिला दोनदा उलटी झाली होती. मी नुसती पित्ताची गोळी दिली. तुझी वहिनी म्हणत होती दाखवू या. मी म्हटलं, नोव्हेंबर संपला की धाकट्याकडे जाणारच आहे, तिकडे दवाखाना जवळ आहे. तेव्हा सुरू झालं का रे? माझ्याकडे?"

काटेवाल्याने आईकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. ती त्याच्याकडेच बघत होती, सगळं ऐकत होती.

नाही दादा, त्याच्या आधी, माझ्याकडे. एवढंच म्हणायचं होतं. भाऊ तिकडे एकटा परक्या गावी रडत होता, आणि या चार शब्दांनी त्याच्या छातीवरचा दगड उतरला असता. काटेवाल्याच्या जिभेवर ते आले होते. पण त्यामागोमाग त्याला पुढचं सगळं दिसलं. वहिनीला कळेल, मुलांना कळेल, नातलग विचारतील आणि दादा सांगेल. आयुष्यभर सांगेल, की धाकट्याकडे असताना झालं, त्याला बायकोने सांगितलंही होतं.

"नक्की सांगता येत नाही म्हणाले," तो म्हणाला. "तुझ्याकडेही असेल. माझ्याकडेही असेल."

"असं होय," थोरला म्हणाला, आणि पुन्हा रडायला लागला. फोन कट झाला.

काटेवाल्याने फोन खिशात ठेवला. आईने पांघरुणाखालून सुई नसलेला हात बाहेर काढला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. हाताचं वजन असं काही उरलंच नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता भांडणार नाही तुम्ही."

आणि ती समाधानाने भिंतीकडे वळली. तिने निदान एकदा तरी आपल्याला खोटारडा म्हणावं, म्हणून तो कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला.